विश्लेषण : पडद्यावर फक्त एक हिरवी रेघ? जुन्या मोनोक्रोम मॉनिटरचा बिघाड चित्रावरूनच कसा ओळखतात?

संगणक सुरू होतो, ‘बीप’ ऐकू येते, फ्लॉपी ड्राइव्ह घरघरते. पडद्यावर मात्र अक्षरांऐवजी मधोमध एक लख्ख हिरवी आडवी रेघ. चाळीसेक वर्षे जुन्या मॉनिटरवर असे दिसले की बहुतेकदा ‘पिक्चर ट्यूब गेली’ असे म्हणून तो भंगारात काढला जातो. प्रत्यक्षात ती रेघ उलटेच सांगत असते. ट्यूब जिवंत आहे, आत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आहे, किरण डावीकडून उजवीकडे नीट फिरतो आहे. थांबले आहे ते फक्त वरून खाली जाणे. हा दोष अनेकदा एका सुकलेल्या कंडेन्सरमुळे किंवा सुटलेल्या टाक्यामुळे असतो. अशा पिक्चर ट्यूब आता नव्याने बनत नाहीत, त्यामुळे चुकीचे निदान म्हणजे चालू शकणारा एक मॉनिटर कायमचा कमी होणे. आणि निदान करताना निष्काळजीपणा झाला, तर तो जिवावर बेतू शकतो.

जुने संगणक जपणारे संग्राहक, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आणि जुन्या यंत्रावरील माहिती वाचू पाहणारी कार्यालये यांच्यासमोर हा प्रश्न येतो. उदाहरणासाठी सर्वांत परिचित मॉनिटर घेऊ : आयबीएम ५१५१.

हा मॉनिटर टीव्हीपेक्षा वेगळा कसा?

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी पहिला ‘पीसी’ जाहीर केला, त्याच्यासोबत हा साडेअकरा इंची हिरवा मॉनिटर आला. त्याला सिग्नल देणारे कार्ड म्हणजे ‘मोनोक्रोम डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’, अर्थात ‘एमडीए’. या कार्डावर फक्त ४ केबी मेमरी होती आणि त्यातून ८० अक्षरांच्या २५ ओळी दिसत. चित्र काढता येत नसे, पण ७२० बाय ३५० ठिपक्यांमुळे अक्षरे कमालीची रेखीव होती. दिवसभर हिशेब किंवा पत्रे टंकणाऱ्यांना ती त्या काळातील रंगीत पडद्यांपेक्षा डोळ्यांना कितीतरी बरी वाटत.

आतून हा मॉनिटर कृष्णधवल टीव्हीचा जवळचा नातेवाईक आहे. मागच्या बाजूला इलेक्ट्रॉन सोडणारी गन, मानेवर यॉकची वेटोळी, पडद्याच्या आतून फॉस्फरचा थर आणि उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक सरळ ‘ईएचटी’ म्हणतात. फक्त ट्यूनर आणि स्पीकर नाही. कृष्णधवल टीव्ही दुरुस्त केलेल्या मेकॅनिकला म्हणूनच या पेटीतले बरेच काही ओळखीचे वाटते.

मात्र दोन फरक महत्त्वाचे आहेत. आपल्याकडच्या टीव्हीत किरण सेकंदाला १५,६२५ आडव्या रेघा काढत असे. ५१५१ मध्ये हा आकडा १८,४३२ आहे. त्यामुळे टीव्हीचा ईएचटी दिसायला सारखा असला तरी येथे तसाच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. दुसरा फरक अधिक घातक आहे. टीव्हीला सिग्नल मिळाला नाही तरी तो स्वतःच्या लयीत चालत राहतो आणि पडद्यावर मुंग्या दिसतात. ५१५१ चा आडवा स्कॅन मात्र कार्डाकडून येणाऱ्या सिंकवरच चालतो. चुकीचा ठेका मिळाला, तर आडव्या स्कॅनच्या ट्रान्झिस्टरवर आणि ईएचटीवर नको इतका ताण येतो.

हे घडायला फार काही लागत नाही. रंगीत चित्र देणाऱ्या ‘सीजीए’ कार्डाचा प्लगही तसाच नऊ पिनांचा आहे. तो बसतो, कोणी अडवत नाही, पण त्या कार्डाचा ठेका साधारण १५,७०० चा आहे. ‘बसतोय ना, मग लावून पाहू’ या वृत्तीने हा मॉनिटर जळू शकतो. दुरुस्तीचा पहिला नियम त्यामुळे असा : मागे कोणते कार्ड आहे, हे नक्की कळेपर्यंत वायर जोडायचीच नाही.

बिघाड मॉनिटरचा की संगणकाचा?

पडदा पूर्ण काळा असेल तर मॉनिटर उघडण्याआधी संगणकाकडे पाहावे लागते. कार्डाकडून सिंक आला नाही तर ५१५१ चा आडवा स्कॅन चालत नाही, तो चालला नाही तर उच्च दाबही तयार होत नाही. म्हणजे कार्ड मेले असले तरी मॉनिटरच मेल्यासारखा दिसतो.

कान येथे उपयोगी पडतात. आयबीएम पीसीमध्ये सुरुवातीची तपासणी सुरळीत झाली की एकच छोटी बीप वाजते. एक लांब आणि दोन छोट्या वाजल्या तर तक्रार डिस्प्ले कार्डाची आहे. मदरबोर्डवर काही छोटे स्विच असतात आणि कोणते कार्ड लावले आहे हे संगणकाला त्यांच्यावरून कळते. पीसी आणि एक्सटीच्या पहिल्या स्विच-गटातील पाचवा आणि सहावा स्विच दोन्ही ‘ऑफ’ असतील, तरच संगणक मोनोक्रोम कार्डाकडे वळतो. कोणी मध्येच कार्ड बदलले आणि स्विच तसेच राहिले, असे सर्रास होते.

यानंतर वायर. नऊ पिनांपैकी १ आणि २ ग्राऊंड, ६ वर ‘इंटेन्सिटी’, ७ वर व्हिडीओ, ८ वर आडवा सिंक आणि ९ वर उभा सिंक. मधल्या तीन रिकाम्या. मल्टिमीटरने वायरची सलगता तपासायला पाच मिनिटे पुरतात. वाकलेली किंवा आत दबलेली पिन हा या वयाच्या मॉनिटरचा अगदी नेहमीचा आजार आहे. पडद्याशेजारच्या ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टच्या गोल बटणांनाही विसरू नये. वर्षानुवर्षे धूळ बसून त्यांचा आतला संपर्क तुटतो. वीज बंद ठेवून बटण दहा-वीस वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवले, तरी काही वेळा चित्र परत येते.

अक्षरे सुबक आणि स्थिर आहेत, पण भलतीच आहेत, म्हणजे ‘ए’च्या जागी चौकोन किंवा ठरावीक अंतराने कचरा, तर मॉनिटर निर्दोष आहे. त्याला अक्षरे कळतच नाहीत. कुठे उजळायचे आणि कुठे विझायचे, एवढेच त्याला कळते. दोष कार्डाच्या मेमरीत किंवा चिपमध्ये शोधावा.

चित्र काय काय सांगते?

खरे निदान येथे होते आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही.

आधी ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहावा. संपूर्ण पडद्यावर अंधूक हिरवी चमक आली, पण अक्षरे नाहीत, तर स्कॅन आणि उच्च दाब दोन्ही ठीक आहेत. अडचण व्हिडीओच्या वाटेवर, म्हणजे सातव्या पिनेपासून ट्यूबच्या मानेपर्यंत आहे. साधी अक्षरे दिसतात पण ठळक अक्षरे तितकीच फिकी राहतात, तर सहाव्या पिनेच्या वाटेवर खंड आहे. चमकच नसेल, तर अंधाऱ्या खोलीत मागच्या जाळीतून ट्यूबच्या मानेकडे पाहावे. तेथे नारिंगी ठिणगीएवढा उजेड दिसला तर फिलामेंट तापते आहे. सुरू करताना काचेजवळ नेलेल्या हाताचे केस उभे राहिले तर उच्च दाबही येतो आहे.

आडव्या रेघेचे आधी सांगितलेच : उभ्या स्कॅनचा बिघाड. त्यात एक गोष्ट तातडीची. सगळा किरण त्या एका रेघेवर आदळत असतो आणि फॉस्फर काही वेळातच कायमचा भाजू शकतो. रेघ दिसताक्षणी ब्राइटनेस शक्य तितका खाली आणावा, निदान नंतर करावे. याउलट उभी रेघ दुर्मीळ असते. आडवा स्कॅन आणि उच्च दाब एकाच सर्किटातून येत असल्याने तो पूर्ण बंद पडला तर पडदा काळाच होतो. उभी रेघ दिसलीच, तर सर्किट चालू आहे पण यॉकच्या आडव्या वेटोळ्यापर्यंत प्रवाह पोहोचत नाही, असा अर्थ. तेथील प्लग आणि टाके आधी पाहावेत.

चित्र वर किंवा खाली सतत घसरत असेल तर उभा सिंक हरवला आहे. अक्षरे फाटून तिरक्या पट्ट्या दिसत असतील तर आडवा. चित्र वरच्या कडेला दुमडल्यासारखे दिसते, पहिल्या दोन-तीन ओळी एकमेकींवर चढतात किंवा उंची कमी होऊन वर-खाली काळी पट्टी राहते, अशा वेळी मेकॅनिकचे बोट उभ्या स्कॅनमधील कंडेन्सरकडे जाते आणि बहुधा ते बरोबर असते.

ब्राइटनेस वाढवल्यावर चित्र फुगत, पसरत आणि धूसर होत गेले, तर उच्च दाब टिकत नाही. किरणाला पुरेसा जोर मिळत नाही, म्हणून तो जास्त वळतो आणि चित्र मोठे दिसते. दोष ईएचटीत असेल किंवा त्याला वीज देणाऱ्या भागात. चित्र सुरुवातीला फिके आणि अर्ध्या तासाने ठीक, असे रोज होत असेल तर मात्र ट्यूबची गन थकली आहे. त्याला फारसा इलाज नाही.

काही बिघाड वेळेशी बांधलेले असतात. थंड असताना ठीक आणि तापल्यावर खराब, किंवा बाहेरून हलकी चापट मारल्यावर चित्र येते. ही चापट टीव्हीच्या काळात घरोघरी ‘दुरुस्ती’ म्हणून चालत असे. तिचा खरा अर्थ एवढाच, की आत कुठेतरी सोल्डरचा टाका सुटला आहे. मेकॅनिकांच्या भाषेत ‘ड्राय सोल्डर’. चापटीने चित्र आले, हे निदान आहे, उपाय नव्हे. सुटलेल्या टाक्यावर ठिणगी पडत राहिली तर शेजारचा भागही जातो.

अक्षरे पाण्यात हलल्यासारखी का दिसतात?

चित्र येते, पण कडा नागमोडी होतात आणि अक्षरे संथ लाटेवर तरंगल्यासारखी डुलतात. जुन्या मॉनिटरची ही फार जुनी तक्रार. दोष दोनपैकी एका ठिकाणी असतो. एक तर आतल्या पॉवर सप्लायमधील मोठा कंडेन्सर सुकला आहे आणि घरच्या विजेची लहर न गाळता पुढे जाते. नाहीतर शेजारच्या स्टॅबिलायझर, यूपीएस किंवा स्पीकरचे चुंबकीय क्षेत्र किरणाला ओढते आहे.

यात भारतातील वीज एक गंमत करते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते आणि हा मॉनिटर सेकंदाला साधारण ४९.८ वेळा चित्र काढतो. दोन्ही ठेके जवळजवळ सारखे, म्हणून लाट पडद्यावर जवळपास थांबल्यासारखी राहते आणि काही सेकंदांत हळूच सरकते. कधी कधी ती इतकी संथ असते, की हा बिघाड आहे हे लक्षातच येत नाही. मॉनिटरच वाकडा आहे असे वाटते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तेथे हाच दोष थरथरण्यासारखा दिसतो. परदेशातील व्हिडीओ पाहून ‘आपल्याकडे थरथर नाही, म्हणजे कंडेन्सर ठीक’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांची येथे फसगत होते.

दोन कारणांतला फरक ओळखायला उपकरण लागत नाही. मॉनिटर तसाच चालू ठेवून थोडा फिरवावा किंवा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा. लाट बदलली तर बाहेरचा चोर, नाहीतर घरचाच.

बिघाड वाटतो, पण नसतो असे काय?

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. हा कॅमेऱ्याच्या आणि मॉनिटरच्या वेगातला फरक आहे, दोष नाही. मेकॅनिकला फोटो पाठवताना शटरचा वेग हाताने कमी केला तर पट्टे जातात. नाहीतर तो भलत्याच आजारावर औषध सांगेल.

ओळी वर सरकताना मागे हिरवी सावली रेंगाळते, हेही या मॉनिटरचे मूळ रूप आहे. त्यात ‘पी-३९’ जातीचा फॉस्फर आहे, जो किरण पुढे गेल्यावरही काही काळ चमकत राहतो. सेकंदाला पन्नासच चित्रे असूनही पडदा लुकलुकत नाही, तो त्यामुळेच. बंद पडद्यावर जुन्या मेनूची अक्षरे कोरल्यासारखी दिसत असतील तर मात्र फॉस्फर झिजला आहे. तो परत येत नाही. पण मॉनिटर वापरता येतो.

आपल्याकडे एक जास्तीचा घोटाळा संभवतो. जुन्या पीसींमध्ये आयबीएमचे मूळ कार्ड नसून ‘हर्क्युलस’ पद्धतीचे कार्ड असण्याची शक्यता मोठी. व्हॅन सुवन्नुकुल यांनी १९८२ मध्ये ते तयार केले, कारण त्यांना आपली थाई लिपी संगणकावर हवी होती आणि आयबीएमचे कार्ड ठरावीक अक्षरांपलीकडे जात नव्हते. याच मोनोक्रोम मॉनिटरवर ७२० बाय ३४८ ठिपक्यांचे चित्र त्यामुळे शक्य झाले. (हाच पेच देवनागरीचाही होता, पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने डॉसवर भारतीय लिप्या आणण्यासाठी ‘जिस्ट’ कार्डाची वाट काढली.) हर्क्युलसवर अक्षरे नीट आणि फक्त चित्रे बिघडलेली दिसत असतील, तर मॉनिटर उघडू नये. दोष कार्डात किंवा त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आहे.

पेटी उघडणे किती धोक्याचे?

साध्या शब्दांत सांगायचे तर, शिकल्याशिवाय उघडू नये. ट्यूबच्या बाजूला रबरी टोपीखाली जी वायर जाते, तिच्यावर अशा मॉनिटरमध्ये साधारण १० ते १५ हजार व्होल्ट असतात. ट्यूबची काच स्वतःच एका मोठ्या कंडेन्सरसारखी वागते, त्यामुळे प्लग काढल्यावरही हा भार राहतो. एकदा उतरवला तरी काही वेळाने थोडा परत जमा होतो. अनुभवी मेकॅनिक वीज काढून, एक हात पाठीमागे ठेवून, मूठ नीट झाकलेल्या स्क्रू ड्रायव्हरला जोडलेली वायर ट्यूबभोवतीच्या तारेच्या जाळीला लावतात आणि मगच टोपीखाली स्पर्श करतात. ती वायर सर्किट बोर्डाला लावली तर बोर्डावरचे नाजूक भाग जळतात. साध्या मल्टिमीटरने तो दाब मोजायचा प्रयत्न तर कधीच करू नये.

सगळा धोका टोपीखालीच असतो, असेही नाही. ज्या मॉनिटरमध्ये २३० व्होल्टची वीज थेट डायोडमधून जाते, तेथे मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी आहे. बारीक मान कशावर आपटली तर ट्यूब जाते आणि मोठी काच फुटली तर तुकडे जोरात उडतात. चष्मा हवाच.

अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेला किंवा ऑनलाइन मागवलेला मॉनिटर असेल तर मागची पट्टी आधी वाचावी. मूळ ५१५१ ला स्वतःचा वीज स्विच नाही. तो संगणकाच्या मागच्या सॉकेटमधून वीज घेतो आणि तेथे भिंतीतलीच वीज थेट येते. ११०-१२० व्होल्टचा मॉनिटर २३० व्होल्टच्या संगणकाला लावला, तर वर सांगितलेल्या निदानाची गरजच उरणार नाही.

आत नेमके काय तपासतात?

क्रम ठरलेला आहे. आधी भिंगातून टाके. ईएचटीचे पाय, यॉकचा प्लग आणि तापणारे ट्रान्झिस्टर यांच्याभोवती बारीक गोल चीर दिसली की तेथे नवे सोल्डर. नंतर पॉवर सप्लायचा मुख्य व्होल्टेज. तोच कमी किंवा लहरता असेल तर पुढचे सगळे दोष त्याचीच मुले असू शकतात. हा व्होल्टेज मनाने वाढवून चित्र उजळ करायचा मोह होतो. त्याने उच्च दाब वाढतो, ट्यूबवर ताण येतो आणि क्ष-किरणांचा धोकाही निर्माण होतो.

कंडेन्सर फुगलेला दिसलाच पाहिजे असे नाही. आतला द्रव सुकला की तो बाहेरून नव्यासारखा राहूनही निकामी होतो; ‘ईएसआर’ मीटरवर ते पकडता येते. बदलताना क्षमता तीच, व्होल्टेज तेवढा किंवा थोडा जास्त, तापमान १०५ अंशांचे आणि उलट-सुलट टोक नीट पाहून. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठेच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असे भाग मिळतात. एकाच वेळी सगळे बदलून टाकायचा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिला जातो. पण मॉनिटर सुरू झाला नाही, तर जुना दोष राहिला की नवा झाला, हे कळत नाही. चित्राने ज्या भागाकडे बोट दाखवले तेथून सुरुवात केलेली बरी.

ट्यूब किंवा ईएचटीच गेला असेल तर?

ईएचटीच्या आतली वेटोळी एकमेकांना चिकटली तर तो बदलावाच लागतो आणि त्याच मॉडेलचा मिळवणे हेच मोठे काम असते. सहसा दुसऱ्या मेलेल्या मॉनिटरमधून तो काढला जातो. म्हणून फुटलेल्या ट्यूबचा मॉनिटरही अभ्यासक फेकत नाहीत.

तोवर काम अडू नये यासाठी एक वाट आहे. आताच्या व्हीजीए पडद्यांना साधारण ३० हजारांच्या खालचा आडवा ठेका पकडता येत नाही, त्यामुळे केवळ प्लग बदलून चालत नाही. मात्र रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर चालणारे ‘आरजीबी टू एचडीएमआय’ हे रूपांतरक एमडीएचा सिग्नल घेऊन आजच्या टीव्हीवर दाखवते. संगणकातील फाइल वाचायला तेवढे पुरते. निदानासाठीही ते उपयोगी : टीव्हीवर चित्र स्वच्छ आले तर कार्ड आणि संगणक दोन्ही निर्दोष, आणि मॉनिटर उघडायला मेकॅनिककडे न्यायला हरकत नाही.

मॉनिटर टाकायचाच ठरला तर ट्यूब फोडून तांबे काढणाऱ्याकडे देऊ नये. काचेत शिसे असू शकते आणि आतला फॉस्फर श्वासात जाण्याजोगा नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा. देण्याआधी यॉक, ईएचटी आणि नऊ पिनांची वायर कोणा संग्राहकाला हवी आहे का, एवढे विचारून घ्यावे.